लोखंडाची जात

माणसाची जात विचारू नये, असे मी गेली वीस वर्षे वर्गात सांगत आलो आहे आणि पुढेही सांगणार आहे. पण यंदाच्या दसऱ्यापासून त्या वाक्याला मी एक शेपूट जोडले आहे. माणसाची विचारू नये, लोखंडाची मात्र विचारल्यावाचून राहू नये! मराठीच्या प्राध्यापकाला लोखंडाशी काय कर्तव्य, असे आपल्या मनात आले असेल. माझ्याही मनात तेच होते. म्हणून तर पुढचे सारे रामायण घडले.

आमच्या घरी एक बुलेट आहे. ती बाबांनी १९७८ साली घेतली. बाबा कळमेश्वरला शाळामास्तर होते, आणि मास्तरांनी मोटारसायकल घेणे ही त्या काळी गावात चर्चा व्हावी अशीच गोष्ट होती. त्या गाडीवर बसून मी पहिल्यांदा शाळेत गेलो, त्याच गाडीवर सौभाग्यवती लग्नानंतर प्रथम घरी आल्या, आणि दर कार्तिकी एकादशीला आई त्याच गाडीवर मागे बसून धापेवाड्याला विठोबाच्या दर्शनाला जाते. बाबा असताना ते नेत, ते गेल्यावर मी नेऊ लागलो. यंदा तो मान चिरंजीवांनी मागून घेतला होता.

दसऱ्याच्या सकाळी पूजेसाठी गाडी धुताना चिरंजीव ओरडले, "बाबा, इकडे या जरा!" मागच्या शॉकॉपच्या वर, जिथे कॅरिअरचा पाय गाडीच्या सांगाड्याला जोडलेला आहे, तिथे नळीवर एक बारीक तांबूस रेघ उमटली होती. सौभाग्यवतींना वाटले, गेल्या वर्षीच्या पूजेचे कुंकू राहिले असावे. मी ओल्या फडक्याने पुसले. जाईना. नखाने खरवडले, तेव्हा नख आत अडकले. ते कुंकू नव्हते, गंज होता, आणि रेघ नव्हती, चीर होती. अर्धी नळी तडकली होती.

दारात कोणाच्याही काही तडकले की शेजारी सल्ला घेऊन हजर होतात, हा आपला जुना धर्मच आहे. पहिले आले ते समोरचे निवृत्त गृहस्थ. त्यांच्याकडे नळाच्या कामातून उरलेला चकचकीत पांढरा पाईप होता. "हा घ्या. जस्ताचा थर आहे, जन्मात गंजायचा नाही." दुसरे आले ते नुकतेच घर बांधून दमलेले आमचे सहकारी. त्यांच्याकडे स्लॅबच्या सळया उरल्या होत्या. "अहो, अख्खी इमारत तोलते ही सळई, तुमची गाडी काय चीज आहे!" तिसऱ्यांचा मेहुणा ट्रकच्या धंद्यात. त्यांनी ट्रकच्या पाट्याचा तुकडा देऊ केला, कारण पाट्याएवढे चिवट लोखंड जगात दुसरे नाही. सौभाग्यवतींचे मत स्वयंपाकघरातून आले, "स्टेनलेस घाला. घासायला सोपे." आणि चिरंजीवांनी मोबाईलमध्ये डोके घालून जाहीर केले की, विमानाच्या सांगाड्यात वापरतात ते क्रोमियम-मॉलिब्डेनमचे पोलाद मागवावे, त्याच्यापुढे बाकी सारे कचरा.

पाच सल्ले पदरात घेऊन मी बाजारातल्या मिस्त्रीकडे गेलो. हा मिस्त्री म्हणजे माझाच जुना विद्यार्थी. बी. ए.च्या पहिल्या वर्षाला मराठीच्या पेपरात मी त्याला नापास केले होते. मग त्याने कॉलेज सोडले, आयटीआयला गेला, आणि आज त्याच्या दारात गाड्यांची रांग असते. नापास केलेल्या विद्यार्थ्याच्या दारात काम घेऊन उभे राहणे हा प्राध्यापकाच्या आयुष्यातला एक कसोटीचा प्रसंग असतो, हे माझ्या समव्यवसायी वाचकांना वेगळे सांगायला नको.

त्याने हात पुसले, खुर्ची दिली, चहा सांगितला आणि म्हणाला, "सर, तुमी मले संधी शिकवली होती. मले समजली नाही. आज मी तुमाले शिकवतो, बसा."

आणि खरोखरच त्याने शिकवले. पहिला धडा पाईपचा. आमचे कळमेश्वर तसे जस्ताचेच गाव. इथल्या औद्योगिक वसाहतीत पोलादी पत्र्यावर जस्ताचा आणि रंगाचा थर चढवतात. छपराला ते पत्रे उत्तम, त्यात वाद नाही. पण वेल्डिंगच्या ज्योतीपुढे जस्ताचे काय होते? जस्त सुमारे ४२० अंश सेल्सिअसला वितळते आणि ९०७ अंशांना उकळते. पोलाद वितळायला मात्र १५०० अंशांच्या घरात जावे लागते. म्हणजे पोलाद ओले व्हायच्या आत जस्ताचा धूर झालेला असतो. हा पांढरा धूर छातीत गेला की काही तासांनी हुडहुडी भरून ताप येतो. वेल्डरलोक त्यावर दूध पितात, गूळ खातात. "त्यानं काही होत नाही जी," मिस्त्री म्हणाला, "धूर छातीत जाते, दूध पोटात जाते. दोघाची भेटच नाही." शिवाय तेच जस्त वितळलेल्या सांध्यात शिरून त्याला भोके पाडते, कधी चिरा पाडते. थर पुरता घासून काढला तरी नळाच्या पाण्यासाठी केलेला पाईप तो पाण्याचाच. गाडीसाठी नळ्या निराळ्या बनतात, आणि त्यांचे भारतीय मानकही निराळे आहे. पाण्याच्या पाईपाचे १२३९, गाडीच्या नळ्यांचे ३०७४.

दुसरा धडा सळईचा आणि पाट्याचा. तो देण्यासाठी त्याने ग्राइंडर सुरू केला. "सर, दिवाळी आहे ना? पाहा फटाके." आधी त्याने साध्या नरम पोलादाचा तुकडा चाकावर धरला. पिवळसर, लांब, सरळ ठिणग्या निघाल्या. क्वचित एखादी टोकाला फुटे. मग ट्रकच्या पाट्याचा तुकडा धरला, आणि काय सांगावे! ठिणग्या आखूड, पण प्रत्येकीला फांद्या, प्रत्येक फांदीला तारे. साक्षात फुलबाजी! ही सगळी करामत कार्बनची. लोखंडात कार्बन जितका जास्त, तितकी ठिणगी जास्त फुटते. फुलबाजीत लोखंडाचा कीस घालतात, त्याचेही गमक हेच.

आता हा कार्बन म्हणजे पोलादाचे मीठ समजा. नरम पोलादात तो शंभरात पाव भागाहूनही कमी असतो. सळईत थोडा अधिक चालतो, ०.३० पर्यंत. ट्रकच्या पाट्यात अर्धा टक्का आणि वर. मीठ वाढले की पोलाद कडक होते, धार धरते, स्प्रिंगसारखे उसळते. पण वेल्डिंगने ते लाल होऊन भोवतीच्या थंड लोखंडामुळे झटकन निवले, की सांध्याशेजारची पट्टी काचेसारखी ठिसूळ बनते. सळईचे आणखी एक दुखणे. तिची वरची साल कारखान्यात पाण्याच्या झोताने कडक केलेली असते आणि आतला गाभा नरम ठेवलेला असतो. तीच तिची ताकद. वेल्डिंगची आच लागली की जोडाजवळ ती ताकद ओसरते. काँक्रीटच्या कुशीत ती सळई इमारत तोलते हे खरे, पण इमारत खड्ड्यांतून धावत नाही!

"सांधा तुटत नाही सर," तो म्हणाला, "सांध्याच्या बाजूले तुटते. लोक सांध्याले शिव्या देतात."

सौभाग्यवतींचे स्टेनलेसही त्याने नम्रपणे परत पाठवले. स्वयंपाकघरातले स्टेनलेस तापले की साध्या पोलादाच्या जवळजवळ दीडपट फुगते. दोघांना एकमेकांशी जोडायला निराळा रॉड लागतो, आणि जोडल्यावरही एक ताणतो, दुसरा आखडतो. विजोड लग्न म्हणा ना.

राहिले चिरंजीवांचे विमानाचे पोलाद. त्याच्याविषयी मिस्त्रीने अनादर दाखवला नाही. त्यात कार्बन सुमारे ०.३०, क्रोमियम एक टक्क्याच्या आसपास आणि मॉलिब्डेनम अगदी चिमूटभर, ०.२०. माल अव्वल. इंग्लंडात १९३५ साली रेनॉल्ड्स कंपनीने मँगनीज-मॉलिब्डेनमच्या नळ्या काढल्या, त्यांची तिकडे सायकलींत आणि शर्यतीच्या मोटारसायकलींत मोठी कीर्ती झाली. १९५० साली मॅककँडलेस बंधूंनी नॉर्टन कंपनीसाठी शर्यतीचा सांगाडा रचला. त्यावर बसणाऱ्याला इतके सुख वाटले की त्याला 'फेदरबेड', म्हणजे पिसांची गादी, असे नावच पडले. पुढे तोच सांगाडा रस्त्यावरच्या गाड्यांनाही दिला गेला, पण साध्या नरम पोलादाच्या नळ्यांचा. रचना तीच, पोलाद साधे, आणि त्या गाड्यांवर लोक वर्षानुवर्षे बिनघोर हिंडले.

हे ऐकून चिरंजीव जरा खट्टू झाले. मग मिस्त्रीने त्यांना कोड्यात टाकले. "भारी पोलाद घेतलं तर गाडी कमी वाकन का?" चिरंजीव म्हणाले, "अर्थात!" उत्तर चूक. इथे मीही चूक ठरलो असतो, पण प्राध्यापकी धूर्तपणाने गप्प बसलो होतो. पोलाद स्वस्तातले असो वा विमानाचे, त्याचा ताठपणा जवळजवळ सारखाच. एवढ्या भाराने एवढेच वाकायचे, ह्या बाबतीत सगळी पोलादे एका माळेचे मणी. भारी पोलादाचा गुण एवढाच की, कायमचे वाकण्याआधी किंवा तुटण्याआधी ते जास्त सोसते. ताठपणा हवा तर नळी जाड घ्या. समजा, २ मिलिमीटर भिंतीची २५ मिलिमीटर नळी आहे. तिच्याऐवजी तेवढ्याच भिंतीची ३२ मिलिमीटर घेतली, तर वजन तिसेक टक्क्यांनी वाढते, पण ताठपणा दुपटीहून अधिक होतो. म्हणून महाग पोलाद घेऊन भिंत पातळ केली, तर गाडी हलकी होईल, पण लवलवेल. आणि नरम सांगाड्यात मधेच एक तुकडा विमानाचा बसवला, तर उरलेला सांगाडा काही विमान होत नाही. चीर आपली शेजारच्या नरम नळीत सरकते.

"म्हणून सर, जे आहे तेच घाला. तीच जात, तेच माप, तीच भिंत."

मी विचारले, "पण मग ही चीर मुळात पडली कशाने?"

मिस्त्रीने व्हर्नियर खाली ठेवला. कॅरिअरच्या पायावर कानस फिरवली, वास घेतल्यासारखे वाकून पाहिले, आणि प्रथमच माझ्याकडे न बघता म्हणाला, "हे काम कोणी केलं होतं जी?"

वाचकहो, इथवर मी आपल्याला हसत हसत आणले, कारण पुढचे सांगायला मन घेत नव्हते. तो कॅरिअर मी लावून घेतला होता. २००९ साली, बाबा गुडघ्याच्या दुखण्याने घरी बसले होते तेव्हा. आईला धापेवाड्याला जाताना टेकायला काहीतरी हवे होते, म्हणून मी रस्त्याकडेच्या एका दुकानात गेलो. घासाघीस करून पन्नास रुपये कमी केले. त्याने कोपऱ्यात पडलेला पांढऱ्या पाईपाचा तुकडा उचलला, नळीवर आडवा सांधा मारला, आणि मला घाई आहे म्हटल्यावर वर भसकन पाणी ओतले. पंधरा मिनिटांत काम! ऐटीत घरी आलो. बाबा ओसरीवरून उठून काठी टेकत गाडीपाशी आले, सांध्यावरून बोट फिरवले आणि विचारले, "कुठल्या लोखंडाचं आहे, विचारलंस का?"

मी हसलो होतो. घरात म्हणालोही होतो की, बाबा आता लोखंडाचीही वंशावळ मागतात. बाबा पुढे काही बोलले नाहीत. २०१४ साली ते गेले.

मिस्त्रीने निदान सांगितले ते असे. जस्त न घासता सांधा मारला, म्हणून आत भोके. सांधा नळीला काटकोनात आडवा मारला, म्हणून सगळा ताण एका रेघेवर. पाणी ओतले, म्हणून ती रेघ आणखी कडक. वर जाड पाईप आणि खाली पातळ नळी, म्हणून दर खड्ड्याला त्याच जागी हिसका. इतकी वर्षे हिसके खाऊन नळी तडकली. आणि ह्या इतक्या वर्षांत दर कार्तिकी एकादशीला त्या चिरेपासून वीतभर अंतरावर माझी आई बसत होती.

चहा निवून गेला. मी कसाबसा विचारले, "गाडी भंगारात घालू का?"

तो म्हणाला, "मागचा भाग आहे, होऊन जाईन. पण हँडलचा दांडा ज्या नळीत फिरते ना, तिथं चीर असती तर मी हात नसता लावला. तुमी पाया पडले असते तरी नसता लावला." नाही म्हणता येणे हे कारागिराचे मोठेपण. नापास करताना माझ्या अंगी ते होते, असे मी आजवर समजत होतो. पण माझ्या 'नाही'ने फार तर एखाद्याचे वर्ष जात होते. त्याच्या 'नाही'ने माणूस वाचतो.

मग दोघे मिळून नागपूरला इतवारीत लोखंडवाल्यांकडे गेलो. मराठी शब्दांचा व्यापारी असल्यामुळे वाटेत मला आपले जुने शब्द आठवत होते. पोलाद हा शब्द फारसीतून आला. त्याच्याआधी मराठीत पोलादाला 'तिखे' म्हणत, संस्कृतातल्या 'तीक्ष्ण' शब्दावरून. उत्तम प्रतीच्या पोलादाला 'गजवेल' म्हणत. रसशास्त्रवाल्यांनी तर मुंड, तीक्ष्ण आणि कांत अशा लोखंडाच्या जाती लावून ठेवल्या होत्या. आमच्या नागपूर जिल्ह्यात पारशिवनी तालुक्यात नायकुंड येथे उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी सापडली, ती इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या आसपासची. काटोल रस्त्यावरच्या माहुरझरीला डॉ. शां. भा. देव यांनी १९७० नंतर शिळावर्तुळे उकरली, तेव्हा माणसांबरोबर पुरलेले घोडे निघाले. त्यांच्या मुखावर तांब्याचे अलंकार होते आणि लोखंडी लगामही मिळाले. म्हणजे ज्या वाटेने आम्ही जा-ये करतो, तिथला कोणी स्वार अडीच हजार वर्षांपूर्वी आपला जीव एका लोखंडी कडीवर सोपवून घोडा दौडवीत होता. त्याने आपल्या लोहाराला नक्कीच विचारले असेल, लोखंड कुठले म्हणून. माझ्यासारखा हसला नसेल.

नळी मिळाली. तीच बाहेरची जाडी, तीच भिंत, नरम पोलाद, वर कसलाही मुलामा नाही, फक्त तेलाचा हात. दिसायला इतकी सामान्य की चिरंजीवांनी फोटोसुद्धा काढला नाही.

काम दोन दिवस चालले. आधी पेट्रोलची टाकी उतरवली, बॅटरीच्या तारा सोडल्या. चिरलेला वीतभर भाग कापून काढला, तोही आडवा नव्हे, कलमाच्या फांदीसारखा तिरपा, म्हणजे सांध्याची लांबी वाढते आणि ताण एका रेघेवर येत नाही. आत घट्ट बसणारी दुसरी नळी सरकवली. रंग, गंज, तेल घासून दोन्ही तोंडे चांदीसारखी केली. मग शेजारच्या आर्गनवाल्याला बोलावले, कारण पातळ नळीला नेहमीच्या रॉडने भोक पडायची भीती. जाड कामासाठी मिस्त्री ६०१३ नंबरचा रॉड ठेवतो. त्यातल्या ६० चा अर्थही त्याने सांगितला. दर चौरस इंचाला ६० हजार पौंड, म्हणजे चौरस मिलिमीटरला सुमारे ४२ किलो ताण सोसणारा. "नरम नळीले एवढा बस झाला. सांधा शेजाऱ्यापेक्षा फार शहाणा नसावा." हे वाक्य मी वहीत टिपून घेतले आहे.

सांधा लालबुंद झाला तेव्हा त्याचा पोऱ्या सवयीने पाण्याचा मग घेऊन धावला. मिस्त्री त्याच्यावर असा काही ओरडला की मीच दचकलो. "त्याचं त्याले निवू दे!" आम्ही सगळे गप्प उभे राहिलो. लाल, मग तपकिरी, मग निळसर, मग राखाडी. सांध्याला त्याच्या वेळाने निवू दिले.

गाडीचा नंबर ज्या ठिकाणी कोरलेला असतो तिथे त्याने कानस लावली नाही, आणि सांगाड्याचे मापही तसूभर बदलू दिले नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ५२ वे कलम आहे, गाडीची मूळ रचना मनाला येईल तशी बदलता येत नाही. "दुरुस्ती करा, कारागिरी दाखवू नका," हे त्याचे त्यावरचे भाष्य. कॅरिअर त्याने परत लावला, पण बोल्टने.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बोल्ट म्हणजे समास. दोन्ही शब्द आपापल्या जागी शाबूत, हवे तेव्हा विग्रह करा. वेल्डिंग म्हणजे संधी. विद्या आणि आलय वितळून विद्यालय होते, मग मधली रेघ शोधून सापडत नाही. पण संधी व्हायला स्वराला स्वर जुळावा लागतो. मी हे मोठ्या उत्साहाने मिस्त्रीला सांगितले. तो म्हणाला, "हे तवाच असं सांगितलं असतं सर, तर मी पास झालो असतो ना!"

ह्यावर मी काय बोलणार? पैसे किती, म्हणून विचारले. त्याने आकडा सांगितला. आयुष्यात प्रथमच मी घासाघीस केली नाही.

घरी आलो. कार्तिकी एकादशीला अजून अवकाश आहे, पण आईला गाडी बघायची होती. तिने पदराने हात पुसले, नव्या सांध्यावरून बोट फिरवले. अगदी बाबा फिरवीत तसे. मग म्हणाली, "हे असते तर त्यांनी विचारलं असतं, कुठल्या लोखंडाचं म्हणून."

मी म्हणालो, "आई, नरम पोलादाची अखंड नळी आहे. कार्बन पाव टक्क्याच्या आत. माप तेच, भिंत तीच."

तिला त्यातले काही कळले नाही. तिने मान डोलावली आणि चिरंजीवांना विचारले, "मग एकादशीला किती वाजता निघायचं?"